फ्रिजमध्ये पुन्हा पुन्हा बर्फ साचतोय? वितळवण्याआधी तो नीट बघा

वर फ्रीझरमध्ये बर्फाचे थर आणि खाली दूध नासतंय, ही तक्रार ठाणे-नवी मुंबईत जूनपासून ऑक्टोबरपर्यंत जोरात असते. बहुतेक घरांत उपाय एकच: फ्रिज बंद करा, बर्फ वितळवा, पुसा, पुन्हा चालू करा. आठवड्याभरात तोच प्रकार. मग मेकॅनिक येतो, "गॅस कमी झालाय" म्हणतो, गॅस भरून पैसे घेऊन जातो, आणि थोड्याच दिवसांत बर्फ परत हजर.

बर्फ कुठे साचलाय, दिसतो कसा आणि वितळवल्यावर किती दिवसांनी परत येतो, या तीन गोष्टींवरून बिघाड कोणता ते बऱ्याच अंशी कळतं. म्हणून वितळवायच्या आधी मोबाइलवर चार-पाच फोटो काढून ठेवा. बर्फ गेला की पुरावाही गेला.

आधी आपला फ्रिज कोणत्या जातीचा ते ओळखा

सिंगल डोअर फ्रिज बहुतेक डायरेक्ट कूल असतात. त्यात फ्रीझरचा डबा हाच थंड होणारा भाग, त्यामुळे त्याच्यावर बर्फ धरणं हा बिघाड नाही. थर साधारण अर्ध्या सेंटीमीटरचा झाला की डायलच्या मधलं डीफ्रॉस्टचं बटण दाबायचं. कंप्रेसर थांबतो, बर्फ वितळला की बटण आपोआप बाहेर येतं. हा थर धरायला काही आठवडे लागत असतील तर सगळं ठीक आहे. चार-सहा दिवसांत डबा भरत असेल तर पुढे वाचा.

डबल डोअर फ्रिज बहुतेक फ्रॉस्ट फ्री. त्यात थंड होणारी कॉइल फ्रीझरच्या मागच्या पॅनेलआड असते, पंखा तिच्यावरची थंड हवा वर-खाली फिरवतो, आणि कॉइलवर धरलेला बर्फ वितळवायला एक हीटर असतो. साध्या टायमरच्या फ्रिजमध्ये तो साधारण ८ ते १२ तासांनी एकदा, वीस-तीस मिनिटांसाठी चालू होतो. अशा फ्रिजमध्ये डोळ्यांना दिसेल इतका बर्फ साचला, तर काहीतरी बिघडलंय हे नक्की.

लक्षणं

- दाराजवळच्या एखाद्याच कोपऱ्यात किंवा कडेला भुसभुशीत, पांढरा बर्फ: बाहेरची हवा आत शिरतेय.
- फ्रीझरच्या तळाला काचेसारखा कडक, पारदर्शक थर, किंवा भाजीच्या ट्रेखाली पाणी: पाणी जायचा मार्ग तुंबलाय.
- मागच्या पॅनेलवर पांढरा थर, पॅनेल थोडं फुगलेलं, पंख्याचा खडखड आवाज आणि मग अचानक शांतता, वर थंड पण खाली कोमट: डीफ्रॉस्ट होत नाहीये.
- पॅनेलच्या फटीतून बघितल्यावर कॉइलच्या सुरुवातीच्या दोन-तीन वळणांवरच बर्फ, बाकीची कॉइल कोरडी, कंप्रेसर अखंड चालू: इथे मात्र गॅसचा संशय रास्त आहे.
- सिंगल डोअरमध्ये कंप्रेसर कधी थांबतच नाही आणि खालच्या कप्प्यातली कोथिंबीरसुद्धा गोठते: थर्मोस्टॅट, म्हणजे तापमानानुसार कंप्रेसर चालू-बंद करणारा भाग, बिघडलाय.

एका फ्रिजमध्ये दोन बिघाड एकत्रही असतात. रबर सैल झालं की कॉइलवर इतका बर्फ धरतो की धडधाकट हीटरलाही तो वितळवणं झेपत नाही. म्हणूनच तपासणी सोप्याकडून अवघडाकडे करायची.

पावसाळ्यातच का?

३० अंश तापमान आणि ८५ टक्के आर्द्रता असताना एक घनमीटर हवेत सुमारे २६ ग्रॅम पाणी असतं. उणे १८ अंशांच्या हवेत जेमतेम एक ग्रॅम मावतं. उरलेलं सगळं बर्फ होऊन कॉइलवर बसतं. दार उघडल्यावर आतली शंभर लिटर हवा बदलली असं धरा, म्हणजे दर वेळी अडीच ग्रॅम पाणी. दिवसातून चाळीस वेळा दार उघडलं तर शंभर ग्रॅम, अर्धा पेला पाणी रोज, तेही फ्रिजमध्ये काहीच बिघडलेलं नसताना. थंडीत हवेतलं पाणी याच्या निम्म्यावर येतं. म्हणून रबराची जी बारीक फट जानेवारीत खपून जाते ती जुलैमध्ये फ्रिज बंद पाडते. खाडीच्या बाजूला, ऐरोली, वाशी, कळवा अशा भागांत खिडक्या उघड्या ठेवणाऱ्या घरांत हे जास्त जाणवतं.

पहिली तपासणी: आत काय आणि कसं ठेवलंय (खर्च शून्य)

गरम वरण, भात, उकळलेलं दूध थेट आत गेलं की वाफ कॉइलवर बसते. पदार्थ वाफ निघेनाशी होईपर्यंत बाहेर ठेवा, पण दोन तासांपेक्षा जास्त नको. पातळ भाज्या, इडलीचं पीठ, ताक यांवर झाकण हवंच. मासे धुऊन पाणी टपकत असताना पिशवीत भरून फ्रीझरमध्ये टाकू नका. चाळणीत निथळू द्या, झाकणाच्या डब्यात घाला. पालेभाजी धुतली असेल तर फडक्यात कोरडी करून मगच ठेवा.

फ्रॉस्ट फ्रीमध्ये मागच्या भिंतीवरच्या जाळ्या मोकळ्या हव्यात. गणपतीच्या दिवसांत नारळाचा चव, दूध, मिठाई, फुलं असं खच्चून भरलं की हवा फिरत नाही, खाली थंड होत नाही, आणि घरातलं कोणीतरी डायल शेवटच्या आकड्यावर नेऊन ठेवतं. त्याने खालचं थंड होत नाहीच, उलट कंप्रेसर जास्त वेळ चालून बर्फ वाढतो. डायल मधल्या आकड्यावर आणा. खालच्या कप्प्यात ग्लासभर पाण्यात थर्मामीटर बुडवून रात्रभर ठेवा. सकाळी ३ ते ५ अंश दिसले की सेटिंग बरोबर आहे.

वीज वाचवायला रात्री फ्रिज बंद करत असाल तर ती सवय आजच सोडा. इलेक्ट्रॉनिक कार्डाच्या (म्हणजे सर्किट बोर्डावर चालणाऱ्या) काही मॉडेलमध्ये वीज गेली की डीफ्रॉस्टची मोजणी शून्यावर येते. रोज रात्री बटण बंद होत राहिलं तर हीटरची पाळी येतच नाही, आणि फ्रिजमध्ये काहीही बिघडलेलं नसताना कॉइल गोठते.

दुसरी तपासणी: दार आणि रबर (खर्च शून्य ते थोडाफार)

इथे घाई करू नका. वरवर बघून "रबर चांगलं आहे" असं म्हणणाऱ्यांचंच रबर बऱ्याचदा गळत असतं.

दहा रुपयांची नोट किंवा तेवढा कागद दारात अर्धा आत, अर्धा बाहेर धरून दार लावा आणि ओढा. जोर लावूनच बाहेर यायला हवा. सहज सरकला तर तिथे फट आहे. चारही बाजूंनी, वीतभर अंतरावर हीच परीक्षा करा. बिजागरीकडची बाजू आणि खालचा कोपरा विसरू नका, फट बहुधा तिथेच निघते. दुसरी परीक्षा अंधारात: मोबाइलचा टॉर्च चालू करून आत ठेवा, दार लावा, कडेने उजेड दिसतो का बघा.

फट सापडली म्हणून लगेच नवं रबर आणू नका. आधी कोमट पाण्यात भांड्यांच्या साबणाचे दोन थेंब टाकून जुन्या टूथब्रशने रबराच्या घड्या साफ करा. आपल्याकडच्या दमट हवेत त्या घड्यांत काळी बुरशी आणि चिकट थर बसतो. तेवढ्यानेच रबर दाराला टेकत नाही. साफ करून कोरडं पुसा. तरी एखादी बाजू आत दबलेली असेल तर हेअर ड्रायरच्या मध्यम गरम हवेने ती बाजू दोन-तीन मिनिटं शेकून बोटांनी बाहेर ओढा आणि दार काही तास बंद ठेवा. रबर फाटलं असेल, कडक झालं असेल किंवा आतल्या चुंबकाची पकड गेली असेल तर मात्र बदला. नवं रबर नेताना मॉडेल नंबर सोबत न्या. अंदाजाने आणलेलं रबर कोपऱ्यात हमखास कमी-जास्त होतं. नव्या रबराला घडीच्या खुणा असतात, त्याही ड्रायरने सरळ कराव्या लागतात.

मग फ्रिजची ठेवण. पुढचे पाय मागच्यापेक्षा किंचित उंच हवेत, म्हणजे अर्धं उघडलेलं दार आपोआप लागतं. अरुंद स्वयंपाकघरात फरशीला मोरीकडे उतार असतो आणि फ्रिज पुढे झुकतो. दार पूर्ण लागलंय असं वाटतं, पण बोटभर फट राहते. पुढचे पाय हातानेच फिरवून उंच करता येतात. आतली बाटली किंवा भाजीचा ट्रे दाराला आतून अडतोय का तेही बघा. फ्रिजच्या मागे आणि बाजूला चार बोटं जागा मोकळी असू द्या.

दार लावल्यावर आतला दिवा विझतो का, हेही तपासा. दाराचं बटण हळूहळू दाबून बघा. काही फ्रिजमध्ये याच बटणावर पंखाही चालतो. बटण अडकलं की पंखा थांबतो आणि कॉइल गोठते.

तिसरी तपासणी: पाणी जायची वाट

डीफ्रॉस्टचं पाणी कॉइलखालच्या पन्हळीतून नळीने मागे, कंप्रेसरवरच्या ट्रेमध्ये उतरतं आणि कंप्रेसरच्या उष्णतेने सुकतं. नळीचं तोंड अन्नकण, बुरशी किंवा बर्फाने बंद झालं की ते पाणी फ्रीझरच्या तळावर पसरून गोठतं.

सिंगल डोअरमध्ये हे भोक खालच्या कप्प्याच्या मागच्या भिंतीवर दिसतं. मेडिकलच्या दुकानातून ५० मिलीची सिरिंज आणा, तिच्यात कोमट पाणी भरून भोकात हळूहळू सोडा. एक-दोन मिनिटांत मागच्या ट्रेमध्ये पाणी पोचलं तर वाट मोकळी आहे. नाही पोचलं तर मऊ प्लास्टिकची बारीक नळी घालून हलकेच मोकळं करा. तार, विणायची सुई, स्क्रू ड्रायव्हर नको, नळी फाटते आणि पाणी मागच्या फोममध्ये मुरतं. फ्रॉस्ट फ्रीमध्ये हे भोक पॅनेलमागे असतं, त्यामुळे ते काम पाचव्या तपासणीसोबत करा. नळीच्या खालच्या टोकाला असलेली रबरी टोपी काढून धुवा. बऱ्याच वेळा बुरशी तिथेच अडकते आणि वरून कितीही पाणी सोडलं तरी तुंबलेलंच राहतं.

मागचा ट्रे आठवड्यातून एकदा घासून कोरडा करा. डेंग्यूचे डास तिथल्या चमचाभर पाण्यातही अंडी घालतात.

चौथी तपासणी: पूर्ण वितळवणं आणि दिवस मोजणं

फ्रिजचा प्लग काढा, फक्त बटण बंद करून चालणार नाही. आतलं सगळं बाहेर, दोन्ही दारं उघडी, खाली जुने टॉवेल. सिंगल डोअरला पावसाळी हवेत सहा-आठ तास पुरतात. फ्रॉस्ट फ्रीला पूर्ण २४ तास द्या. बाहेरचा बर्फ गेला तरी पॅनेलमागचा गोळा राहतो आणि अर्धवट वितळवलेला फ्रिज दोनच दिवसांत पुन्हा गोठतो. त्यामुळे हिशोब चुकतो. टेबल फॅन समोर लावला किंवा गरम पाण्याचं भांडं आत ठेवलं तर काम लवकर होतं.

सुरी, उलथनं, स्क्रू ड्रायव्हर लावून बर्फ खरवडू नका. सिंगल डोअरच्या फ्रीझरच्या पातळ अॅल्युमिनियमच्या पत्र्यातूनच गॅस फिरतो. एक टोचा बसला की पाच मिनिटं वाचवायच्या नादात पूर्ण फ्रीझर बदलायची वेळ येते. आजच्या बऱ्याच फ्रिजमध्ये आर-६००ए गॅस असतो, तो ज्वलनशील आहे आणि त्याला वासही येत नाही. फुस्स आवाज आला तर गॅसची शेगडी बंद करा, खिडक्या उघडा, स्वयंपाकघरातलं कोणतंही विजेचं बटण चालू-बंद करू नका आणि बाहेर या.

आता फ्रिज चालू करा आणि तारीख लिहून ठेवा.

एक-दोन दिवसांत एकाच कोपऱ्यात बर्फ: रबर किंवा दार, दुसऱ्या तपासणीकडे परत. पाच ते दहा दिवस सगळं छान आणि मग खालचा भाग कोमट, पॅनेलवर बर्फ: डीफ्रॉस्टची साखळी तुटली आहे. एवढे दिवस छान का, तर कोऱ्या कॉइलवर हवा अडेल इतका बर्फ धरायला तेवढा वेळ लागतोच. वितळवल्यानंतरही खाली नीट थंड झालंच नाही, तर दोष पंख्याचा, हवेच्या झडपेचा किंवा गॅसचा.

पाचवी तपासणी: पॅनेलमागची साखळी

हे काम मल्टीमीटर वापरता येतो त्यांनीच करावं. प्लग काढलेला, हात आणि फरशी कोरडी. फ्रिज वॉरंटीत असेल तर पॅनेल उघडूच नका.

पॅनेलचे स्क्रू काढण्याआधी बर्फ पूर्ण वितळलाय ना बघा. गोठलेलं पॅनेल ओढलं तर चिरतं. मात्र एकदा तरी, पुढच्या वेळी बर्फ धरल्यावर, पॅनेलच्या फटीतून कॉइल बघायची संधी साधा. कॉइल वरपासून खालपर्यंत सारखी पांढरी असेल तर गॅस व्यवस्थित आहे. गॅस सीलबंद नळीत फिरतो, वापरून संपत नाही. गळती असेल तरच कमी होतो, आणि कमी झाला तर पूर्ण कॉइलवर बर्फ धरतच नाही. पूर्ण गोठलेल्या कॉइलच्या फ्रिजमध्ये गॅस भरणं म्हणजे आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. गॅस भरताना फ्रिज बंद राहतो, बर्फ वितळतो, म्हणून आठवडाभर फ्रिज चालतो आणि ग्राहकाला वाटतं दुरुस्ती झाली.

साखळीत हे भाग आहेत:

हीटर. दोन टोकांमध्ये ओहम मोजा. २३० व्होल्टवर १५० वॉटचा हीटर साधारण ३५० ओहम दाखवतो, २०० वॉटचा २६५ च्या आसपास. मीटर काहीच दाखवत नसेल तर हीटर गेला. काचेच्या नळीचा हीटर काळा पडलेला किंवा तडकलेला नुसता बघूनही कळतो.

थर्मल फ्यूज. आत फार तापलं की हा तुटून हीटरची वीज तोडतो. मीटरने नेहमी अखंड, म्हणजे जोडणी सलग आहे असं, दाखवायला हवं. तुटला असेल तर बदला, पण तो का उडाला याचा शोध घ्या: बायमेटल (कॉइल गरम झाली की हीटर बंद करणारा भाग) चिकटलं किंवा टायमर हीटरवर अडकला की आतली उष्णता तिथवर जाऊ शकते. फ्यूज काढून वायर थेट जोडणारे मेकॅनिक आहेत. हे कधीही करू देऊ नका. बायमेटल पुन्हा चिकटलं तर हीटर थांबवायला काहीच उरत नाही, आतलं प्लास्टिक वितळतं, आग लागू शकते.

बायमेटल. हे कॉइलला चिमटलेलं गोल बटण. खोलीच्या तापमानाला ते उघडं, म्हणजे आतली जोडणी तुटलेली, असतं, म्हणून टेबलावर मीटर काही दाखवत नाही, आणि चांगला भाग फेकून दिला जातो. खरी परीक्षा थंडीत: कुटलेला बर्फ तीन भाग, मीठ एक भाग पेल्यात घ्या, बायमेटल छोट्या प्लास्टिकच्या पिशवीत घालून पंधरा मिनिटं त्यात बुडवा. आता मीटरने अखंड दाखवायला हवं. बाहेर काढून गरम झाल्यावर पुन्हा उघडायला हवं. यातली एक गोष्ट जरी झाली नाही तरी बदला. फ्यूज आणि बायमेटल काही शे रुपयांत येतात, बऱ्याचदा एकाच जोडणीत.

टायमर. जुन्या मॉडेलमध्ये असतो. वीज बंद ठेवून त्याच्या चाकाच्या फटीत स्क्रू ड्रायव्हर घालून बाणाच्या दिशेने हळूहळू फिरवा, कट्ट असा आवाज आला की डीफ्रॉस्ट लागलं. उघडलेलं सगळं परत जागेवर लावून, मग वीज चालू करा. कंप्रेसर थांबलेला आणि कॉइल गोठलेली असताना काही मिनिटांत चर्रर्र आवाज, पाण्याचे थेंब ऐकू आले, तर हीटरपर्यंतचा मार्ग ठीक आणि टायमर स्वतःहून पुढे सरकत नाहीये. चाकावर पेनाने खूण करा, कंप्रेसर तीन-चार तास चालल्यावर बघा. खूण जागची हलली नसेल तर टायमर बदला.

इन्व्हर्टर फ्रिजमध्ये टायमरऐवजी कार्ड आणि सेन्सर असतो. सेन्सर बर्फाच्या पाण्यात बुडवल्यावर ओहम सलग वाढत जायला हवेत. उड्या मारत असतील किंवा जागेवरच असतील तर सेन्सर बदला. कार्डाचा संशय शेवटी घ्या. ते हजारोंच्या घरात जातं, आणि दोष बऱ्याचदा त्याच्यापर्यंत येणाऱ्या वायरच्या गंजलेल्या जोडणीत असतो.

पॅनेल परत लावताना कडेची फोमची पट्टी आणि पंख्याची जोडणी जागच्या जागी बसली पाहिजे. पट्टी राहिली तर हवा भलतीकडून खेचली जाते.

इथे थांबा, जाणकाराला बोलवा

- घरातला ईएलसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) अधूनमधून, साधारण ठरावीक तासांनी पडतोय आणि फ्रिजचा प्लग काढला की पडत नाही. हीटरमधून करंट गळतोय. फ्रिजला हात लावताना झिणझिण्या येत असतील तर त्याच क्षणी प्लग काढा.
- कॉइलचा थोडाच भाग गोठतो, तेलाचे डाग दिसतात, किंवा फ्रीझरला टोचा बसलाय.
- सिंगल डोअरमध्ये थर्मोस्टॅटची बारीक नळी चिमट्यातून निसटली असेल तर ती परत बसवणं जमतं. पण थर्मोस्टॅट बदलायला वायरिंग उघडावं लागतं, ते काम जाणकाराचंच.
- सगळे भाग ठीक, तरी बर्फ येतोच.

मेकॅनिकला फोटो दाखवा, वितळवल्यापासून किती दिवसांत बर्फ आला ते सांगा. तो गॅस भरायचाच म्हणत असेल तर गळती कुठे आहे हे आधी दाखवायला सांगा. गळती दुरुस्त करणं, फिल्टर बदलणं, व्हॅक्यूम पंप लावणं आणि वजनकाट्यावर मोजून गॅस घालणं, हे सगळं होणार असेल तरच हो म्हणा. आर-६००ए बहुधा शंभर ग्रॅमच्या आतच लागतो, अंदाजाने भरायची गोष्ट नाही. तुमच्या फ्रिजमध्ये कोणता गॅस आहे ते आतल्या किंवा मागच्या लेबलवर छापलेलं असतं. आर-६००ए असेल आणि तो स्वयंपाकघरात ज्योत पेटवून वेल्डिंग करायला निघाला, तर त्याला परत पाठवा.

दुरुस्तीनंतर फ्रॉस्ट फ्रीचा मागचा ट्रे कोरडा करून ठेवा आणि दुसऱ्या दिवशी बघा. पावसाळ्यात तिथे पाणी किंवा ओल दिसली तर हीटर चालला आणि नळीही मोकळी आहे. ट्रे कोरडा ठणठणीत असेल आणि फ्रिज थंड असेल, तर आठवडाभर थांबू नका, त्याच दिवशी मेकॅनिकला पुन्हा फोन करा.